इंद्रायणीतली खते आणि तीस वर्षांचा भाडेपट्टा



कीर्तन संपून आरती झाली, बुक्का लावून झाला, की मंडपात मागे रेंगाळणारी चार माणसे नेहमीच असतात. त्यांचे प्रश्न पूर्वी ठरलेले असत. सुतकात वारी चुकली तर काय करावे, मुलगा माळ घालायला तयार नाही, भावकीत बोलणे बंद आहे. वयोमानाने माझे गादीवर उभे राहणे थांबले, पण प्रश्न विचारणारे थांबले नाहीत, आणि अलीकडे त्या प्रश्नांत एकाची भर पडली आहे. "महाराज, जमीन सोलरला द्यावी का?"

द्यावी की न द्यावी हे मी सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या जमिनीवर, पाण्यावर आणि घरातल्या हातांवर अवलंबून आहे. काळी आई भाड्याने देणे पाप आहे काय, असेही काही वृद्ध माळकरी कळवळून विचारतात. त्यांना मी म्हणतो, खडकाळ माळावर पडते ते ऊनही विठोबाचेच. त्या उन्हाची वीज होऊन खालच्या शिवारातल्या मोटारी दिवसा चालल्या, तर रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारे धरायला जाणाऱ्या पोराच्या आईला झोप लागेल. काम चांगले आहे. बागायती, दुपिकी जमीन मात्र कितीही मोह झाला तरी देऊ नये असे माझे मत आहे. पण तो विषय वेगळा.

मला अस्वस्थ करणारा प्रश्न दुसरा आहे. एका माणसाला कागदातले सगळे कळते, दुसऱ्याला काहीच कळत नाही. पहिला दुसऱ्यापुढे कागद ठेवतो, खोटे एक अक्षर बोलत नाही, फक्त जे विचारले नाही ते सांगत नाही. दुसरा आनंदाने सही करतो. यात अधर्म झाला काय?

सहज उत्तर देऊ नका, माउली. आपल्या देशाचा करार कायदा 1872 चा आहे. त्यात संमती कशाला म्हणावे याचा खुलासा आहे: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. व्याख्या इतकी नेटकी आहे की ती कुठल्याही प्रवचनात शोभेल. पण त्याच कायद्यात पुढे असेही आहे, की नुसते गप्प राहणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. बोलण्याचे कर्तव्यच असेल तेव्हाच ठरते. म्हणजे न्यायालयाच्या उंबऱ्यावर गप्प बसणारा बहुतेक वेळा सुटतो. बोलण्याचे कर्तव्य कोणावर, कधी आणि कोणी घातले, हा प्रश्न कायदा तिथे सोडून देतो. तो आपल्याकडे, गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांकडे येतो.

हे सगळे हवेत राहू नये म्हणून थोडा व्यवहार सांगतो. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे आणि 2023 मध्ये तिची 2.0 ही आवृत्ती आली. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनी भाड्याने घ्यायच्या, तिथे सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्या वाहिनीवरच्या शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना आहे. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. खाजगी जमिनीचे भाडे ठरवले आहे ते असे: हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मूल्यदराप्रमाणे जमिनीची जी किंमत येईल तिच्या 6 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, आणि पहिल्या वर्षीच्या दरावर दरवर्षी 3 टक्के सरळ वाढ.

आता पाहा, गावात हे कसे पोचते. "एकरी पन्नास हजार," एवढेच पोचते. ते खोटे नाही. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर हिशेब तोच येतो. पण "किंवा 6 टक्के, जे जास्त असेल ते" हे अर्धे वाक्य वाटेत गळून पडते. ज्या गावात मूल्यदर हेक्टरी 21 लाखांच्या पुढे आहे, तिथे सहा टक्क्यांची रक्कम सव्वा लाखाहून जास्त होते. त्या गावातल्या माणसाला "एकरी पन्नास हजार" हे खरे सांगूनही त्याचे नुकसान करता येते.

वाढीचेही तसेच. तीन टक्के वाढ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एक आकडा उभा राहतो आणि लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा. सव्वा लाखावर सरळ तीन टक्के म्हणजे दर साल 3,750 रुपये. पंचविसाव्या वर्षी भाडे होते 2,15,000. हेच तीन टक्के चढत्या भाड्यावर चढत गेले, तर पंचविसाव्या वर्षी होतात 2,54,000 च्या आसपास. पंचवीस वर्षांची बेरीज पहिल्या रीतीने साडेबेचाळीस लाख, दुसऱ्या रीतीने साडेपंचेचाळीस लाखांच्या वर. आणि वाढच नसेल, तर सव्वाएकतीस लाख. शासनाच्या योजनेत वाढ सरळ आहे हे निदान छापील आहे. पण योजनेबाहेर कंपन्या परस्पर जमिनी घेतात तिथे दर, वाढ, मुदत सगळे दोघांच्या बोलण्यावर. तिथे "वाढ मिळेल" एवढे ऐकून सही करणाऱ्याने आणि करून घेणाऱ्याने एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, असे कसे म्हणावे?

एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. नाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. काल्याच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ भेटायला आले. चांगले शिकलेले, नम्र, कपाळाला गंध. त्यांची कंपनी त्या शिवारात दीडशे एकर पाहत होती. म्हणाले, "महाराज, उद्याच्या पंगतीचा सगळा खर्च आम्ही करतो. आपण फक्त कीर्तनात दोन शब्द बोला. लोक आपले ऐकतात." मी म्हटले, "बोलतो. पण लोकांना सही करायला सांगतो आहे त्या कागदात काय आहे हे मला कळू द्या. कागद मराठीत आणा. पंगत बसायच्या आधी मंडपात वाचू, मग बोलू." ते गृहस्थ वाईट नव्हते. मूळ करार चाळीस पानांचा, सगळा इंग्रजीत. रात्रीतून त्यांनी सहा पानी मराठी सारांश करून आणला. गावातल्या एका मास्तरांनी तो मंडपात मोठ्याने वाचला. शेवटच्या पानावर तळाशी बारीक ओळ होती: मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. मास्तर ती ओळ वाचून थांबले आणि चष्मा काढून पुसू लागले. मंडपात एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मंग ह्यो वाचला कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी काल्याचे कीर्तन केले, त्यात त्या कंपनीचे नाव घेतले नाही. पंगत गावाच्या शिध्यावर झाली.

माउली, हे सांगण्याचा हेतू माझी थोरवी सांगणे नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना, जे आज गादीवर उभे आहेत, त्यांना सांगणे आहे. असे गृहस्थ तुमच्याकडेही येतील. वीणा हातात असलेल्या माणसाच्या तोंडून आलेला शब्द लोक तपासून घेत नाहीत. सोने घेताना घासून पाहतात, महाराजांचा शब्द घासून पाहत नाहीत. म्हणून जिथे इतरांना गप्प बसण्याची मुभा आहे, तिथे आपल्याला ती नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला गेला आहे, त्याच्यावर बोलण्याचे कर्तव्य त्याच क्षणी येते. मला वाटते, वर कायद्याने सोडून दिलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. कंपनीचा माणूस "काका, तुम्ही आमच्यावर सोडा" म्हणाला, आणि काकांनी सोडले, की त्या क्षणापासून त्याचे गप्प राहणे निर्दोष राहत नाही. विश्वास मागायचा आणि माहिती द्यायची नाही, हे दोन्ही एका जिभेने करता येत नाही.

यावर एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो ऐकवणारे आपल्यातलेच असतात. "अहो महाराज, माळकऱ्याला एवढा हिशेब शोभतो का? तुकोबारायांनी तर खते इंद्रायणीत बुडवली. आपण कागदातले कलम अन् कलम चाळत बसायचे?"

ही कथा आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे, पण नीट आठवून पाहू. परंपरा सांगते ती अशी. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती. मोठा दुष्काळ पडला, दुकान बसले, गुरे गेली, पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. पुढे चित्त विठ्ठलाकडे लागले आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवायला काढली. तेव्हा धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, की तुम्ही विरक्त झालात, मला मात्र संसार करायचा आहे. मग तुकोबांनी काय केले? सगळी खते बुडवली नाहीत. त्यांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग त्यांच्या हाती दिला आणि आपला भाग पाण्यात सोडला.

या वाटणीकडे आपण फारसे पाहत नाही. एवढ्या वैराग्याच्या क्षणीही तुकोबांनी मोजणी केली. कोणते खत कोणाचे, हे पाहिले. वैराग्य आपल्या वाट्याचे करायचे असते. भावाच्या वाट्याचे वैराग्य आपण परस्पर करायचे नसते. ज्या माणसाला देवाशिवाय काही नको होते, त्याने दुसऱ्याचा वाटा पैनपै त्याच्या हाती ठेवला आणि मगच नदीकडे गेला.

आता भाडेपट्ट्याकडे या. साठीच्या माणसाने आज एकोणतीस किंवा तीस वर्षांच्या कागदावर सही केली, तर त्या सहीची फार थोडी वर्षे त्याची स्वतःची असतात. बाकीची मुलाची, सुनेची, आज पाळण्यात असलेल्या नातवाची. "मला काही कळत नाही, विठोबा बघून घेईल" असे म्हणून तो जे सोडून देतो, ते त्याचे नसते. स्वतःच्या वाट्याचे सोडायचे असेल तर खुशाल सोडा, तुकोबांची वाट मोकळी आहे. नातवाच्या वाट्याचे कलम मात्र वाचलेच पाहिजे. म्हणून कागद वाचणे हे मला लोभाचे लक्षण वाटत नाही.

दुसरा अर्थही त्या कथेत आहे, तो अधिक बोचरा आहे. ती खते कायदेशीर होती. लोकांनी पैसे घेतले होते, अंगठे दिले होते. तरी तुकोबांना ती घरात ठेवता आली नाहीत. भुकेलेला माणूस ज्या कागदावर अंगठा देतो, त्या कागदाला "नाही" म्हणण्याची जागाच नसते, हे दुष्काळ अंगावर काढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आजही जमीन मागायला माणसे येतात ती बहुधा कोरड्या वर्षी, पीककर्ज थकलेले असताना, मुलीचे लग्न ठरलेले असताना. तेव्हा हातावर ठेवलेली इसाराची रक्कम फार मोठी दिसते, आणि तीस वर्षे फार लहान. अशा वेळी जो महिनाभर विचार करायला मुदत देतो, वकिलाला दाखवून या म्हणतो, तो खरा व्यवहार करतो. "आजच सही करा, उद्या शेजारच्या गावात जाऊ" म्हणणाऱ्याने खोटे काही सांगितले नसेल, पण त्याने संमती घेतली असे मी म्हणणार नाही.

आणि भाव सर्वांना एक असावा. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मुंबईत मंत्रालयात जाऊन विष घेतले आणि त्यातच त्यांचा अंत झाला, हे तुम्हाला आठवत असेल. तिथे भाडेपट्टा नव्हता, वीज प्रकल्पासाठी भूसंपादन झाले होते. पण त्यांची तक्रार काय होती? शेजाऱ्यांना किती मिळाले आणि आपल्या आंब्यांच्या झाडांसकट जमिनीला किती मिळाले, ही. थोडे मिळाल्याचे दुःख माणूस गिळतो. बांधाच्या पलीकडे दुसरा भाव आणि तो का, हे कोणी सांगत नाही, हे गिळता येत नाही. एकाच शिवारात बोलका माणूस जास्त घेऊन जातो आणि मुकाट माणूस कमी, असे करार गुपचूप एकेकाला ओट्यावर गाठून होतात. गावाच्या चावडीवर भाव वाचला गेला तर होत नाहीत.

मी वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत पाच-सहा करार माझ्यासमोर वाचले गेले, तेव्हा जी कलमे वाचताना वाचणाऱ्याचा आवाज खाली आला ती मनात राहिली. भाडे कधीपासून सुरू, हे पहिले. सही आज, पण भाडे "प्रकल्प सुरू झाल्याच्या तारखेपासून", आणि प्रकल्प कधी सुरू व्हावा याला मुदतच नाही. तोवर पेरणीही करायची नाही. मग बाहेर पडण्याचे कलम: कंपनी नव्वद दिवसांची नोटीस देऊन जाऊ शकते, शेतकरी तीस वर्षे जाऊ शकत नाही. कंपनी आपला हक्क न विचारता दुसऱ्या कंपनीला देऊ शकते. शेतकऱ्याने मात्र जमीन विकायची तर आधी त्यांना कळवायचे. कर्जाचे कलम तर नीट समजून घ्यावे. कंपनी बँकेकडे आपला भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवते, हे समजण्यासारखे आहे, पण त्याच वाक्यात जमिनीची मालकी तारणात सरकली आहे की काय, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. वाद झाला तर लवाद कुठे बसणार? दिल्लीत बसणार असेल, तर वाद न झाल्यासारखाच समजा. एका तारखेच्या प्रवासातच सालाचे भाडे जाईल.

आणि शेवट. तीस वर्षांनी सोलरच्या प्लेटा, लोखंडी खांब, सिमेंटचे पाये, जमिनीतल्या केबली कोणी काढायच्या? "भाडेकरू आपले साहित्य काढून नेईल" असे लिहिलेले असते. साहित्य म्हणजे ज्याला भंगारात पैसे येतात ते. पाये कोणी काढायचे, माती पूर्ववत कोणी करायची, आणि तोवर ती कंपनीच उरली नसेल तर त्यासाठी पैसे कुठे बाजूला ठेवले आहेत, हे लिहिलेले नसते. तुमच्या नातवाला सातबारा मिळेल आणि नांगर घालायला गेला तर फाळ सिमेंटवर वाजेल.

यावर मी एक साधी तपासणी सांगतो. प्रत्येक कलम उलटे करून वाचावे. जिथे "भाडेकरू" आहे तिथे "मालक" घालावे, आणि "मालक" आहे तिथे "भाडेकरू". तसे वाचल्यावर समोरच्याला हसू आले, तर ते कलम न्याय्य नाही. समोरचा म्हणाला "तसेही चालेल", तर ठीक आहे. सगळी कलमे दोन्हीकडून सारखी होणार नाहीत हे मला मान्य आहे. कंपनी कोट्यवधी रुपये जमिनीवर ओतते, तिलाही मध्येच "उठा" म्हणता येऊ नये. तिचा पैसा अडकला आहे तशी तुमची जमीन अडकली आहे. पण मग मालकाला बांधले तेवढी वर्षे तिनेही बांधून घ्यावे, किंवा मध्येच सोडून जाताना काही वर्षांचे भाडे देऊन जावे.

नोंदणीचे सांगायचे राहिले. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. 1908 चा नोंदणी कायदा तसे सांगतो. मुद्रांक कागदावर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून "झाले काका" म्हटले, तर ते झालेले नसते. नोंदलेल्या कागदाची पूर्ण प्रत, सगळ्या पानांसकट, घरात असावी. "प्रत नंतर पाठवतो" हे वाक्य ऐकले की मला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याची कोठारे त्यांनी दुष्काळात लोकांना खुली केली आणि देवाने विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरले, ही कथा. भरले आणि काय केले? पावती घेतली! ती आणून दामाजींच्या पोथीत ठेवली. प्रत्यक्ष पांडुरंग पैसे भरून रसीद घेतो, आणि आपण तीस वर्षांची जमीन देऊन प्रत मागायला लाजतो.

हिशेबाच्या बाबतीत नाथ महाराजांची गोष्टही सगळ्यांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना जमाखर्चात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यासाठी ते रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, इतकी एकाग्रता देवाकडे लावलीस तर काय होईल! कीर्तनात आपण या वाक्यावर टाळ्या घेतो आणि पुढे जातो. मला नेहमी वाटत आले, ती पै कोणाच्या फायद्याची होती हे कथेत कुठेच नाही. दरबाराच्या की रयतेच्या, नाथांनी विचारले नाही. हिशेब जुळला पाहिजे, एवढेच. करार लिहिणाऱ्यांमध्येही पंढरीची वारी करणारे आहेत, वकील आहेत, तलाठी आहेत, कंपनीत नोकरी करणारी आपल्याच घरातली मुले आहेत. "मी नोकर, मालक सांगेल ते लिहितो" असे ती मुले मला म्हणतात. नाथही त्या वेळी नोकरच होते.

आता आपल्या अंगणात येतो, कारण बोट कंपनीकडे दाखवून मोकळे होणे सोपे आहे. पारदर्शकता कंपनीने पाळायची आणि आपण नाही, असे चालणार नाही. कंपनीचा माणूस विचारतो, "जमिनीत आणखी कोणाचा हक्क आहे का?" तेव्हा आपण काय सांगतो? बहिणींची नावे सांगतो का? वडिलार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा 2005 च्या दुरुस्तीने आला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो अधिक स्पष्ट केला. तरी किती घरांत भाडेपट्ट्याच्या आधी घाईने बहिणीला बोलावून, लुगडे-चोळी करून, "कागदाची भानगड आहे ताई, तेवढी सही कर" म्हणून हक्कसोड करून घेतात! ती सही आणि कंपनीने घेतलेली सही, यांत मला फरक सांगा. तिथेही विश्वास मागितला आणि माहिती दिली नाही. उलट इथे नाते रक्ताचे, म्हणून बोलण्याचे कर्तव्य जास्त. तुकोबांनी कान्होबांचा वाटा हाती दिला, आणि आपण मुक्ताईच्या नावाने गहिवरतो.

शेजाऱ्याची वहिवाटीची वाट तुमच्या रानातून जाते ती आधी सांगितली नाही, आणि मग कुंपण पडले की त्याने तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली खेटे घालायचे, हेही तसेच. बांधावर पूर्वजांची समाधी किंवा म्हसोबा असेल, तर तिथे दिवा लावायला येण्याजाण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. एका गावात असे लिहून घेतलेले मी पाहिले आहे. कंपनीने हरकत घेतली नाही. फक्त कोणीतरी विचारायला हवे होते.

राहिला तो, ज्याची सही कुठेच लागत नाही. त्या रानात वीस-वीस वर्षे खुरपणी करणाऱ्या बाया, सालगडी, पीक निघाल्यावर मेंढरे बसवणारा धनगर. जमीन त्यांच्या नावावर नाही, पण त्यांचे पोट तिच्यावर होते. मालकाला भाडे मिळेल, कंपनीला वीज, गावाला दिवसा पाणी. योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल 5 लाखांचे अनुदान आहे, तेही चांगले. कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या या मंडळींना कराराने काही देणे लागत नाही, कायद्यानेही नाही. पण प्लेटा पुसणे, गवत काढणे, राखण करणे ही कामे तिथे तीस वर्षे असणार. ती आधी याच हातांना मिळावीत, अशी एक ओळ मालकाने सहीच्या आधी मागितली तर मिळू शकते. सहीनंतर कोणी ऐकत नाही. ज्या दिवशी कागद वाचायला बसाल, त्या दिवशी ओट्यावर त्यांनाही बसवा. वाचणाऱ्याला सांगा, जरा मोठ्याने वाच, मागच्यांना ऐकू जाऊ दे.